वत्सगुल्माचे तक्रारदार

२०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले आणि वारशावर बोलणाऱ्यांना सुगीचे दिवस आले. त्या बारांत विदर्भातला एकही नाही. पण उत्साहाला जिल्ह्याची हद्द नसते, त्यामुळे आमच्या वाशीममध्येही आता बोललं जातं. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो. त्या दिवशी भाषणं होतात, त्याच्या आगेमागे लेख येतात, आणि या सगळ्यांत एक सूर हमखास लागतो: वाकाटक राजांच्या राजधानीत राहणाऱ्या माणसाला आपल्या उंबऱ्यापलीकडे काय आहे याचा पत्ता नाही. तिकडे युरोपात बघा, लोक आपल्या शहरावर कसा जीव टाकतात. मग उपाय सुचवला जातो. वाशीमकराने एखाद्या रविवारी पाटणी चौकातून पायी निघावं, डोळे उघडे ठेवावेत आणि आपलंच गाव पाहुण्याच्या नजरेने बघावं. म्हणजे कळेल.

या उपायाला आजवर कुणी विरोध केलेला ऐकला नाही. करायचा तरी कसा? फुकटचा आहे, आरोग्याला चांगला आहे, मुलांना घेऊन करता येतो. वारशाविषयीची बाकीची मतं एकेका वाक्यात निकालात काढता येतात. गावाचं नाव बदलून पुन्हा जुनं वत्सगुल्म करा म्हणणाऱ्यांना पाट्या रंगवण्यापलीकडे काही करायचं नसतं. पर्यटनातून रोजगार येईल म्हणणाऱ्यांनी नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आम्ही का आहोत ते आधी वाचावं. आणि इथे बघण्यासारखं आहेच काय, असं विचारणारा निदान प्रामाणिक तरी असतो. पण रहिवाशाने आपल्याच गावात पर्यटक व्हावं हे मत सोज्वळ आहे, सुशिक्षित आहे, आणि माझ्या मते मुळात चुकीचं आहे. म्हणून जरा सविस्तर भांडायचं आहे ते त्याच्याशीच.

आधी युरोपाचं बघू, कारण दाखला तिथला दिला जातो. माझा भाचा प्रागमध्ये नोकरीला आहे. चौदाव्या शतकातला चार्ल्स पूल आणि १४१० साली बसवलेलं खगोलीय घड्याळ त्याच्या घरापासून ट्रामने थोड्याच अंतरावर आहे. तो तिथे कधी जातो? वाशीमहून किंवा पुण्याहून कुणी पाहुणं आलं की. एरवी त्या पुलावर जायचं म्हणजे गर्दीत धक्के खायचे, म्हणून तो वाट वाकडी करून दुसऱ्या पुलावरून जातो. त्याचे झेक सहकारीही तेच करतात. म्हणजे ज्या युरोपीय नागरिकाचं आम्हाला कौतुक ऐकवलं जातं, तो आपल्या गावातल्या प्रेक्षणीय स्थळांपासून चार हात लांबच असतो. तो त्यांच्यावर जीव टाकत नाही असं मी म्हणत नाही. टाकतो, पण वेगळ्या रीतीने. तो कुरकुर करतो. रात्री दगडी फरसबंदीवरून खडखडत जाणाऱ्या चाकाच्या बॅगांविषयी, दारू पिऊन खिडक्यांखाली गाणाऱ्या टोळक्यांविषयी तो अर्ज करतो. त्या अर्जांचा काहीतरी परिणाम झाला असावा, कारण २०२४ साली प्राग महापालिकेने रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात टोळीने बार फिरवणाऱ्या सहलींवर बंदी घातली. व्हेनिसने त्याच वर्षी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून ठरावीक दिवशी पाच युरो घ्यायला सुरुवात केली. तोवर तिथल्या जुन्या शहरात पन्नास हजार माणसंही उरलेली नव्हती. पॅरिसचंही तेच. आयफेल टॉवरचं काम सुरू होताच १८८७ साली मोपासाँसह कितीतरी कलावंतांनी वर्तमानपत्रात जाहीर निषेधपत्र छापलं होतं. ज्या शहरांचे दाखले आपण देतो त्यांचा इतिहास रहिवाशांच्या तक्रारींनी भरलेला आहे. त्यांच्या सहलींनी नव्हे.

मला जो फरक करायचा आहे तो इथे सुरू होतो. वास्तूशी माणसाचं नातं दोन प्रकारचं असू शकतं. एक कौतुकाचं, दुसरं तक्रारीचं. कौतुक कुणालाही करता येतं. त्याला ना पूर्वपरिचय लागतो ना पुढची जबाबदारी. तक्रार मात्र त्यालाच करता येते ज्याचं त्या जागेशी काही देणंघेणं आहे. पायरी निसरडी झाली, पाण्याला वास येतो, दार वेळेवर उघडत नाही, हे म्हणायला आधी ती पायरी उतरावी लागते, ते पाणी हातात घ्यावं लागतं, त्या दाराशी खोळंबावं लागतं. रहिवाशाला पर्यटक करणं म्हणजे त्याला दुसऱ्या नात्यातून काढून पहिल्यात बसवणं. त्यात त्याची बढती होते असं समजलं जातं. मला ती पदावनती वाटते.

बालाजीच्या देवळाचंच घ्या. नागपूरकर भोसल्यांपैकी साबाजींचा कारभारी भवानी काळू याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते बांधलं. जवळचा चौकोनी, पायऱ्यांचा देव तलावही त्याच्याच नावावर सांगितला जातो. आता पावसाळा सरल्यावर खेड्यातून सोयाबीन घेऊन आलेला शेतकरी डोळ्यांसमोर आणा. बाजार समितीत गाडी लावली, हर्रास व्हायला वेळ आहे, काटा व्हायला त्याहून वेळ आहे. तेवढ्यात तो बालाजीला जाऊन येतो. खांबावरचं कोरीवकाम त्याने बघितलं का, असं विचारलंत तर तो गोंधळेल. पण चप्पल कुठे काढली तर राहते आणि कुठे काढली तर जाते, दुपारी कोणती फरशी पोळते, नवरात्रात रांग कुठवर जाते, नळाला पाणी कधी नसतं, हे त्याला विचारा. देवळाची ही माहिती कुठल्याच पुस्तिकेत सापडायची नाही. ही माहिती बघून मिळत नाही, वर्षानुवर्षं कामानिमित्त येऊन-जाऊन साठते. वारसा-फेरीतला हौशी माणूस खांबाचा फोटो काढून घरी जातो. नळाला पाणी नाही हे त्याच्या लक्षात येतं, पण घरून आणलेली बाटली त्याच्याजवळ असते.

यावर उत्तर ठरलेलं आहे: दोन्ही करावं की! शेतकऱ्याने काट्याला गाडी लावून यावं आणि खांबही बघावा. ऐकायला वाजवी वाटतं. पण पर्यटकाची नजर एकदा शिकवली की ती निमूटपणे रहिवाशाच्या नजरेशेजारी बसत नाही, तिला हुसकावते. ज्याला आपलं गाव फोटोच्या चौकटीत बघायची सवय लागते, त्याला सर्वांत आधी चौकटीत नको असलेल्या गोष्टी दिसू लागतात. फुलवाली, नारळाचा गाडा, वाळत घातलेली लुगडी, तलावाकाठी बसलेली रिकामटेकडी म्हातारी माणसं. कालपर्यंत ही गावातली माणसं होती, आज ते अतिक्रमण होतं. मग सुशोभीकरणाचा प्रस्ताव येतो. कठडा, रंगीत दिवे, गावाच्या नावापुढे लाल बदाम काढलेली अक्षरं. यांतलं काहीच रहिवाशाने मागितलेलं नसतं. त्याला गाळ काढून हवा होता. गाळ फोटोत दिसत नाही.

पद्मतीर्थाबद्दल तर हे आणखी बोचतं. गावाच्या उत्तर भागातलं हे जुनं कुंड. वत्सगुल्म माहात्म्यात वाशीमच्या ज्या एकशे आठ तीर्थांची परंपरा सांगतात त्यांतलं हे प्रमुख. इथे लोक येतात ते बहुधा घरात मरण झाल्यावर, अस्थी घेऊन. डोकं भादरलेला मुलगा, धोतराचा काचा सावरणारे काका, पिंडाला कावळा शिवेना म्हणून काहीबाही कबूल करणारे नातलग. या माणसांना तुम्ही कोणत्या तोंडाने सांगणार की तुम्ही पद्मतीर्थ बघितलंच नाही? आयुष्यातल्या सर्वांत वाईट सकाळी ते तिथे उभे असतात. त्या सकाळी पाणी कसं होतं हे त्यांना जन्मभर आठवतं. पुढच्या मरणाला आले की ते मागच्या वेळेशी ताडून बघतात आणि म्हणतात, तेव्हा असं नव्हतं. हे वाक्य, 'तेव्हा असं नव्हतं', हाच माझ्या लेखी वारशाविषयीच्या जाणिवेचा पहिला उच्चार आहे. पर्यटकाला तो करता येत नाही, कारण त्याच्यापाशी 'तेव्हा' नसतो.

प्रवास म्हटला की नुसतं बघायला जाणं, ही रीत आपल्याकडे तशी अलीकडचीच. यात्रा होती, व्यापार होता, मोहीम होती. १६७० साली शिवाजी महाराज सुरतेनंतर आमच्या जिल्ह्यातल्या कारंज्यावर आले ते तिथली श्रीमंती ऐकून आले, वेशींचं शिल्प बघायला नव्हे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेत गेले ते यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून. पण झाशीचं जे चित्र त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये उतरलं तसं पुढे कुठल्या हौशी प्रवाशाला काढता आलं? पोटाच्या कामाला निघालेला माणूस चौकस असतो, कारण न दिसलेल्या गोष्टीची किंमत त्याला मोजावी लागते.

आता माझ्या बाजूची लंगडी जागा. वाकाटकांबद्दल वाशीमच्या रहिवाशाला काहीही आठवत नव्हतं, हे कबूल करायलाच हवं. माहात्म्याला वत्स ऋषी ठाऊक आहेत, सर्वसेन ठाऊक नाही. पहिल्या प्रवरसेनाचा हा मुलगा इथे गादी स्थापतो, प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य लिहितो, त्याच्या वंशातल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची बरीचशी लेणी खोदली जातात, त्याचा मंत्री वराहदेव सोळाव्या लेण्यात लेख कोरून ठेवतो, आणि या सगळ्याची राजधानी असलेल्या गावात त्याची आठवण म्हणून वीटसुद्धा दाखवता येत नाही. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचं साहित्यविद्यावधूशी लग्न लावलं ते वत्सगुल्मात. बोहल्याची जागा मात्र विचारू नका. वाकाटकांचं वाशीम बघायचंच असेल तर दोनशेएक किलोमीटर गाडी हाकून अजिंठ्याला जावं लागतं. म्हणजे ज्या आठवणीच्या जोरावर तक्रार होते ती इथे चौदाशे वर्षं खंडित होती, आणि ती जोडून दिली ती बाहेरून आलेल्या अभ्यासकांनी.

खरं आहे. पण कशी जोडली ते पाहा. १९३९ साली वाशीमचे ताम्रपट उजेडात आले ते जमिनीतून नाहीत की किल्ल्याच्या भिंतीतून नाहीत. ते गावातल्याच एका शास्त्रीबुवांजवळ होते. चार पत्रे, सुरुवातीची वंशावळ संस्कृतात, पुढचा व्यवहाराचा भाग प्राकृतात. दुसऱ्या विंध्यशक्तीच्या सदतिसाव्या वर्षी, वत्सगुल्म मुक्कामाहून, नांदेडकडच्या एका गावाचं दान. वा. वि. मिराशींनी ते महाजनांच्या सोबतीने वाचले आणि वाकाटकांची एक अख्खी शाखा इतिहासात परत आली. मिराशी वाशीम बघायला आलेले नव्हते. त्यांच्यापाशी प्रश्न होता आणि गावातल्या माणसापाशी वस्तू. दोघांपैकी कुणीही पर्यटक नव्हता. कारंज्याचंही असंच. तिथल्या जैन मंदिरांतल्या ग्रंथभांडारांत शेकडो वर्षं पोथ्या बांधून ठेवलेल्या होत्या. प्रेक्षकांसाठी दार उघडलं जात नसे. दार उघडलं ते हिरालाल जैनांसारख्या अभ्यासकांसाठी, आणि १९३०च्या दशकात 'करकंडचरिउ', 'पाहुडदोहा' अशी अपभ्रंश काव्यं कारंज्याच्या ग्रंथमालेतून छापून बाहेर आली. ती न दाखवता सांभाळली होती, म्हणून छापायला उरली.

आणि त्या ताम्रपटात लिहिलंय काय? राजाची थोरवी दोन-चार ओळींत संपते. बराच मजकूर सवलतींचा आहे. वाकाटकांच्या दानपत्रांत ही यादी पुन्हा पुन्हा येते: या गावात शिपायांनी शिरायचं नाही, दौऱ्यावरच्या अंमलदारांसाठी गवत, बसायला कातडी आणि कोळसा मागायचा नाही, फुलं-दूध उकळायचं नाही. बाहेरून येणाऱ्यांनी गावावर किती भार टाकायचा याचा हा करार आहे. अशी यादी उगाच कुणी तांब्यावर कोरत नाही. तिच्यामागे पाहुण्यांना कोळसा पुरवून जेरीस आलेली कितीतरी गावं असणार. म्हणजे वत्सगुल्माच्या नावानिशी हाती आलेला आमचा सर्वांत मोलाचा कागद, कागद कसला पत्रा, तो मान्य झालेल्या तक्रारींचा आहे. प्रागच्या महापालिकेने रात्री दहा वाजताची वेळ ठरवली, विंध्यशक्तीने कातडी आणि कोळसा. जात एकच.

हे मला फार पटतं म्हणून मी त्यावर जास्त भार टाकतो आहे, अशी शंका वाचकाला येईल. येऊ द्या. दुसऱ्या बाजूने कौतुकाची नजर काय करते तेही बघा. जुन्या ज्योतिषग्रंथांत लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरच्या गावांत उज्जैनच्या जोडीला वत्सगुल्माचं नाव येतं. त्यावरून आमचं मध्यमेश्वराचं देऊळ पृथ्वीच्या मध्यावर असल्याचं पाहुण्यांना अभिमानाने सांगितलं जातं. नकाशा काढला तर उज्जैनचा रेखांश ७५.८ च्या आसपास आणि वाशीमचा ७७.१. सव्वा अंशाहून जास्त फरक, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर. प्राचीन ज्योतिष्यांना रेखांश अचूक काढणं अवघड होतं आणि त्या यादीत आमचं गाव असणं ही तरीही मोठीच गोष्ट आहे. त्या काळी वत्सगुल्माला केवढा मान असेल! पण कौतुकाला एवढ्याने भागत नाही, त्याला केंद्रच लागतं. जिथे कुणी हरकत घेत नाही तिथे गोष्टी अशा फुगत जातात.

तक्रारीच्या नात्याविरुद्धचा सर्वांत वजनदार पुरावा मात्र मी अजून मांडला नाही, आणि तो आमच्याच जिल्ह्यात आहे. मालेगाव तालुक्यातलं शिरपूर. अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी जिची ख्याती. दिगंबर आणि श्वेतांबर दोघेही तिला आपली मानतात. १९०५ साली पूजेच्या तासांची वाटणी ठरली. तरी कज्जा थांबला नाही. १९२९ साली तो प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, म्हणजे लंडनच्या न्यायाधीशांनी शिरपूरच्या देवाचा निवाडा केला. मग १९८१ साली मंदिराला कुलूप लागलं ते २०२३ साली, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर निघालं. बेचाळीस वर्षं! कुलूप निघाल्यावरही तणाव झालाच. तुमचा तक्रारीचा हक्क शेवटी इथवर नेतो, त्यापेक्षा चार प्रवासी येऊन हात जोडून, फोटो काढून गेलेले काय वाईट, असं कुणी विचारलं तर गप्प बसण्यासारखी स्थिती आहे.

पण मी गप्प बसणार नाही. शिरपुरात जे शंभरावर वर्षं चाललं ते मालकीचं भांडण आहे. तक्रार वेगळी. मालकी सांगणारा म्हणतो, ही जागा माझी, तुझी नाही. तक्रार करणारा म्हणतो, ही जागा मी वापरतो, तिचं नीट बघा. पहिल्याला दुसरा माणूस हटवायचा असतो, दुसऱ्याला पाण्यातलं शेवाळ. पहिल्याचं समाधान निकालाने होतं, दुसऱ्याचं झाडूने, फावड्याने, वेळेवर उघडलेल्या दाराने. वारशाच्या चर्चेत या दोघांना एकाच पोत्यात भरलं जातं, आणि मग भांडखोर स्थानिकांपेक्षा शिस्तीचा पर्यटक बरा असा सोयीचा निष्कर्ष निघतो. या दोघांना वेगळं ठेवणं अवघड आहे हे मान्य. मालकीवाले आपला दावा तक्रारीच्या वेषात आणतात, हेही मान्य. म्हणून काही तक्रारदाराने सहलीच्या बसमध्ये जाऊन बसायचं नसतं.

आता शिरपूरच्या मंदिराकडे प्रवासी पुन्हा येऊ लागले आहेत, आणि त्या निमित्ताने जिल्ह्यातल्या प्रेक्षणीय स्थळांच्या पुस्तिकेची चर्चा ऐकू येते. त्यात पोहरादेवी असेल, कारंज्याचं गुरुमंदिर असेल, बालाजी असेल, फोटो चांगले असतील. छापा. पण शिरपूरच्या कज्ज्यात दोन पक्ष होते, त्यांचे वकील होते, तालुक्यापासून लंडनपर्यंतची न्यायालयं होती. ज्याच्या दारावरून ती सगळी वर्दळ गेली, जो नारळ-फुलं विकतो, जो बंदोबस्ताच्या दिवशी दुकान बंद ठेवून घरात बसतो, तो यात्रेकरूही नाही आणि पक्षकारही नाही. त्याला त्या मंदिराविषयी काय म्हणायचं आहे हे कुठल्या कागदावर आलेलं मी पाहिलेलं नाही. पुस्तिका काढणाऱ्यांनी त्याच्या दुकानासमोर अर्धा तास बसावं. तो मूर्तीबद्दल एक अक्षरही बोलणार नाही, पार्किंगबद्दल, गटारीबद्दल आणि पोलिसांच्या गाड्यांबद्दल बोलेल. तेवढं लिहून घ्यावं.